थंडीत मन मरगळतं? काय खावं, कधी खावं, कुठे बसून खावं

डिसेंबरच्या शेवटी पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो. जूनमध्ये तोच सव्वातेरा तासांच्या आसपास. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान, आणि दुपारी चारच्या आत अंधार. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यासमोर असेच उत्तरेकडच्या हिवाळ्यातले रुग्ण होते. हिवाळा आला की खूप झोप, खूप भूक, त्यातही गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ, आणि कशातच जीव न रमणं.

आपल्याकडे अंधार इतका नसतो. तरी नोव्हेंबर ते जानेवारीत बऱ्याच जणांना सुस्ती येते, चिडचिड होते, संध्याकाळी उगीच उदास वाटतं. माझ्या मते यात अंधारापेक्षा आपल्या सवयींचा वाटा मोठा आहे. गारठा म्हणून उठायला उशीर, मग नाश्त्याऐवजी चहा-बिस्किटं, फिरायला जाणं बंद, दिवसभर खिडक्या लावून घरात किंवा ऑफिसात, आणि रात्री लग्नाची जेवणं. गंमत म्हणजे मन ताजं ठेवायला लागणारा बहुतेक सगळा माल याच दिवसांत आपल्या मंडईत स्वस्त मिळतो. तो कोणत्या वेळी आणि कशाबरोबर खायचा, एवढंच बघायचं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू

‘केळ्यात सेरोटोनिन असतं, म्हणून केळं खा, मन प्रसन्न होईल’ असे संदेश फिरत असतात. केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन, असतं हे खरं. पण पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवतो. ते दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे, तीळ अशा प्रथिनांच्या पदार्थांतून मिळतं. त्यालाही मेंदूत शिरताना बाकीच्या अमिनो आम्लांशी धक्काबुक्की करावी लागते. नुसतं गोड किंवा पिठूळ खाल्लं की इन्सुलिन वाढतं, त्यामुळे ती बाकीची अमिनो आम्लं स्नायूंमध्ये ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. संध्याकाळी जिलेबी पुढे आली की हात आवरत नाही, याचं हेही एक कारण असू शकतं. पण जेवणात थोडी प्रथिनं असली तरी हा परिणाम जवळपास पुसला जातो, आणि नुसतं गोड खाल्लं तर तासा-दोन तासांत पुन्हा गळाल्यासारखं होतं.

तेव्हा ‘आनंद देणारा एक पदार्थ’ शोधत बसू नका. २०१७ साली ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाकडून डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, अखंड धान्यं, मासे, सुकामेवा असा आहार शिकवला, बाकीच्यांशी तेवढाच वेळ नुसत्या गप्पा मारल्या. आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्याच्या व्याख्येतून बाहेर आले, गप्पावाल्यांपैकी ८ टक्के. चाचणी लहान होती, बहुतेकांचे आधीचे उपचारही चालूच होते, म्हणून तिच्यावर फार मोठे मजले चढवायचे नाहीत. पण बदललं होतं ते संपूर्ण ताट, एखादं फळ नव्हे.

पायरी १: डबे भरण्याआधी रक्त तपासा

हे कंटाळवाणं आहे, तरी पहिलं हेच. थकवा, उदासी आणि थंडी जास्त वाजणं यामागे कमी हिमोग्लोबिन किंवा सुस्तावलेलं थायरॉइड असू शकतं. लाडूंनी थायरॉइड सुधारत नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढ्या चार तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या.

बी-१२चं विशेष सांगायला हवं. ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांनी आपल्याकडे, खास करून शाकाहारी लोकांत, बी-१२ किती कमी आहे हे कित्येक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. मोठ्या माणसाला रोज दोन मायक्रोग्रॅमच्या थोडं वर लागतं. पेलाभर दुधातून साधारण एक मिळतं, एका अंड्यातून अर्धा. जेवणावर वाटीभर पातळ ताक घेऊन ‘आमच्याकडे दूधदुभतं भरपूर आहे’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. हातापायांना मुंग्या येत असतील तर आहारावर विसंबून राहू नका, डॉक्टर सांगतील त्या गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या.

आणि उदासी दोन आठवडे सलग हटत नसेल, कामं अडत असतील, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी मदत घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

पायरी २: सकाळ. आधी उजेड, मग चहा

उन्हाचे उपयोग दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या वेळी मिळतात. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे शरीराचं घड्याळ लावतो, त्यामुळे दिवसा तरतरी आणि रात्री वेळेवर झोप येते. ड जीवनसत्त्व मात्र त्वचेवर पडणाऱ्या अतिनील किरणांपासून तयार होतं, आणि त्यासाठी ऊन वर आलेलं लागतं, साधारण अकरा ते दोन. अंगणात उभं राहून आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की वेळ बरोबर. काचेतून हे किरण येत नाहीत. बंद केलेल्या गॅलरीत काचेमागे बसून ‘मी रोज ऊन घेते’ म्हणण्याने घड्याळ लागेल, पण ड जीवनसत्त्व मिळणार नाही.

म्हणून सकाळचा नाश्ता शक्यतो उजेडात करा. गच्चीवर, ओट्यावर, नाहीतर निदान खिडकी उघडून तिच्याशेजारी. नाश्त्यात प्रथिनं हवीतच: दोन अंडी, मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, थालीपीठ आणि दही. थालीपिठाची भाजणी हा हिवाळ्याचा फार चांगला नाश्ता आहे, त्यात धान्यं आणि डाळी दोन्ही येतात. पोहे करायचे तर मूठभर मटार आणि जास्तीचे शेंगदाणे घाला, वर लिंबू पिळा. रोजचं चहा-खारी मात्र सोडा. अकरा वाजता पोटात खड्डा पडतो आणि त्याबरोबर मूडही उतरतो.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त जेवणाला किंवा नाश्त्याला चिकटून घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दुपारी तीन-चारनंतर कडक चहा-कॉफी टाळली तर झोपही सुधारते.

पायरी ३: दुपारचं ताट

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, कारण दिवसभरातलं बरंचसं लोह, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि तंतू याच जेवणातून येणार आहेत.

बाजरीची भाकरी आधी. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह आणि ११ ग्रॅम प्रथिनं असतात. पण बाजरीचं पीठ ज्वारीच्या पिठासारखं टिकत नाही. तिच्यात स्निग्धांश जास्त असल्याने आठ-दहा दिवसांत पीठ कडवटतं आणि मग घरातले म्हणतात, ‘बाजरी आवडत नाही.’ आठवड्यापुरतंच दळून आणा. एका भाकरीपुरतं पीठ परातीत घ्या, चिमूटभर मीठ घाला, चांगलं कडकडीत पाणी घालून आधी उलथन्याने कालवा, हाताला सोसेल इतकं निवल्यावर तळहाताच्या जोराने खूप मळा. मळण्यात हयगय झाली की कडा फाटतात. थापताना वरून तीळ पेरा. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवा, ते पाणी सुकत आलं की उलटा, आणि शेवटी थेट जाळावर फुगू द्या. वर लोण्याचा गोळा असेल तर प्रश्नच नाही.

भाकरीबरोबर पालेभाजी रोज हवी. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, मुळ्याचा पाला, कांद्याची पात, सगळं आत्ता कोवळं मिळतं. पालेभाज्यांतलं फोलेट मेंदूतल्या रसायनांच्या कामाला लागतं, पण फार शिजवलं तर त्यातलं बरंच जातं. चिरल्यावर धुऊ नका, आधी धुवा. झाकण ठेवून थोडक्यात शिजवा. ताटात लिंबाची फोड, आवळ्याचं लोणचं किंवा नंतर पेरू असू द्या. क जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं आणि भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि पेरूत ते संत्र्यापेक्षाही जास्त असतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, डॉक्टरांशी बोला.

भोगीची भाजी वर्षातून एकदाच का करायची, हे मला कधी कळलेलं नाही. वालपापडी, ओले हरभरे, मटार, गाजर, वांगं, असतील तर बोरं आणि उसाचे करवे. तेलात ओवा-जिऱ्याची फोडणी, भाज्या परतायच्या, भाजलेले तीळ आणि शेंगदाणे यांचं कूट, थोडं ओलं खोबरं, गोडा मसाला, तिखट, गुळाचा खडा. पाणी बेताचं. एका भांड्यात शेंगा, कडधान्यं, मुळं, तेलबिया सगळं येतं. १३ जानेवारीची वाट न बघता डिसेंबरपासून आठवड्याला एकदा करा.

आणि चटणी. जवसाची. विदर्भ-मराठवाड्यात आणि सोलापूरकडे तिची ओळख करून द्यावी लागत नाही, मुंबई-कोकणात मात्र लागते. जवसात वनस्पतींतलं ओमेगा-३, म्हणजे मेंदूला लागणाऱ्या स्निग्धांशाचा एक प्रकार, भरपूर असतं, फक्त अख्खे दाणे खाल्ले तर बरेचसे न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटलेलेच खायचे. वाटीभर जवस मंद आचेवर कोरडे भाजा. तडतडायला लागले आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवा, जळले तर चटणी कडू होते. त्याच तव्यात सहा-सात सुक्या मिरच्या आणि चमचाभर जिरं परतून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावर आठ-दहा लसूण पाकळ्या आणि मीठ घालून भरड फिरवा. मिक्सर थांबत थांबत चालवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. थोडीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. रोज एक-दोन चमचे पुरे, बरोबर पाणी नीट प्या, कारण थंडीत तहान लागत नाही आणि तंतू वाढले की पोट कोरडं पडतं.

पायरी ४: खात असाल तर मासे

जवसातलं ओमेगा-३ शरीराला मेंदूच्या कामाच्या रूपात बदलावं लागतं, आणि तो बदल फारच थोडा होतो. माशांत ते तयारच असतं. त्यासाठी महाग सुरमई-पापलेट लागत नाही. बांगडा आणि तारली हे खरे तेलकट मासे, आणि पावसाळ्यानंतर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ते मुबलक येतात. आठवड्यातून दोनदा पुरेत. घेताना डोळे पाणीदार आणि फुगीर, कल्ले लालभडक, अंग बोटाने दाबल्यावर वर येणारं असं बघा. खोल तेलात तळण्यापेक्षा तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, किंवा हळद-मीठ-कोकमाचं आगळ लावून तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा जास्त चांगला. शिवाय माशातून ड जीवनसत्त्व आणि बी-१२ दोन्ही येतात.

शाकाहारी लोकांसाठी एक युक्ती: अळंबी. बाजारातली अळंबी अंधारात वाढलेली असतात, पण ती चिरून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास पसरून ठेवली की त्यांच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. मग नेहमीसारखी परता. दूध घेताना पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह बघा, त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं.

इथे एक खुलासा. ड जीवनसत्त्वाच्या गोळीने मन आनंदी होतं असं सरसकट नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ५० वर्षांवरच्या अठरा हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला आणि रोजच्या गोळीने नैराश्य टळलं नाही. कमतरता असेल तर ती भरून काढायची, हाडं आणि स्नायूंसाठीही ते लागतं. स्वतःच्या मनाने मोठ्या डोसच्या पुड्या घेत राहणं धोक्याचं आहे.

पायरी ५: चार ते सहा

थंडीतला दिवस घसरतो तो याच दोन तासांत. ऊन उतरतं, कामाचा कंटाळा येतो, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून भज्यांचा वास येतो. या वेळेसाठी खाणं आधीच तयार असेल तरच निभाव लागतो. आयत्या वेळी केलेला निश्चय टिकत नाही.

डब्यात ठेवा: मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, गुळाचा लहान खडा, दोन-तीन अक्रोड. किंवा वाफवलेले ओले हरभरे, वर लिंबू. किंवा तिळाचा लाडू. किंवा एक डिंकाचा लाडू, पण एकच आणि लिंबाएवढा. तूप, खारीक, खोबरं, डिंक हे बाळंतिणीसाठी आणि शेतात राबणाऱ्यांसाठी बेतलेलं आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने रोज तीन खाल्ले तर मार्चमध्ये वजनकाट्यावर मन पुन्हा खट्टू होणार.

माझी पसंती अळिवाच्या लाडवांना. पाव वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवा, ते चौपट-पाचपट फुगतात. एका नारळाचा चव आणि साधारण वाटीभर गूळ त्यात कालवून आणखी तासभर ठेवा. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. आधी सगळं सैल होतं, मग आळत जातं आणि कडा सोडायला लागतं. तिथेच थांबायचं, पुढे गेलं तर लाडू चिवट होतात. वेलदोडा-जायफळ घालून कोमट असतानाच वळा. ओलं खोबरं असल्याने फ्रिजमध्येच ठेवायचे, पाच-सहा दिवस टिकतात. गरोदरपणात अळीव देत नाहीत, ती पद्धत पाळलेली बरी. मधुमेह असेल तर गूळ म्हणजे साखरच, हेही लक्षात असू द्या.

पायरी ६: रात्र हलकी आणि लवकर

इथे फार सांगण्यासारखं नाही. आठच्या आत मुगाची खिचडी, कुळथाचं पिठलं-भात, ज्वारीची भाकरी आणि भाजी, किंवा टोमॅटोचं सार. झोपताना हळदीचं दूध आवडत असेल तर घ्या, ऊब मिळते आणि थोडं बी-१२ही. हळदीकडून त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. दारूने थंडी पळते आणि मन हलकं होतं हा समज मात्र सोडून द्या. झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक खालावतं.

पायरी ७: आठवड्यातून एकदा बाहेर, माणसांत

सोलापूर-नगरकडे डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला जातात. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळून फुंकर मारायची, आणि हिरवे मऊ दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर, गुळाबरोबर खायचे. रायगड जिल्ह्यात पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवून भोवती पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. हुरडा दिवसा असतो आणि पोपटी बहुधा रात्री, पण दोन्हींत मोबाइल धरायला हात मोकळे नसतात आणि आसपास बोलणारी माणसं असतात. हुरड्याला तर दोन-तीन तासांचं ऊनही आपसूक मिळतं. शहरात राहत असाल तर गच्चीवर चार शेजारी बोलवा, मक्याची कणसं आणि रताळी भाजा.

परदेशात असाल तर

वरच्या पायऱ्या तशाच, पण दोन गोष्टी बदलतात. पहिली, लंडन किंवा त्याच्या उत्तरेला हिवाळ्यातल्या उन्हाने त्वचेत ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा म्हणूनच शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. कॅनडात गाईच्या दुधात ते घालणं बंधनकारक आहे, ब्रिटनमध्ये नाही, त्यामुळे लेबल वाचा. ओट किंवा बदामाचं दूध पीत असाल तर बी-१२ घातलेलं निवडा.

दुसरी, ताजी मेथी आणि बांगडा रोज मिळणार नाही. गोठवलेली मेथी आणि पालक चांगलेच असतात. डब्यातले सार्डिन किंवा मॅकरेल स्वस्त पडतात: कांदा, लसूण, कोकम, तिखट घालून परतले की भाताबरोबर दहा मिनिटांत जेवण होतं. बाजरीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण पिशवीवरची तारीख बघून घ्या आणि घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा. दर हिवाळ्यात मन खोल जात असेल तर डॉक्टरांना प्रकाशोपचाराच्या दिव्याबद्दल विचारा. साधारण १०,००० लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवतात. टक लावून बघायचं नसतं, त्यामुळे तेवढ्या वेळात थालीपीठ खाऊन होतं. द्विध्रुवी (बायपोलर) विकार किंवा डोळ्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नका.